दोन तपकिरी रेघांच्या मध्ये: सह्याद्रीचा जुना नकाशा कसा वाचायचा

कोल्हापुरात कंटूर रेषा समजावून सांगायला फळा लागत नाही, भिंत पुरते. सुतारवाड्यात, जामदार क्लबाच्या बाजूला किंवा शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत फिरा. कुठल्या ना कुठल्या भिंतीवर पुराची खूण सापडतेच. कुणी खिळ्याने ओरखडून ठेवलीय, कुणी ऑइलपेंटची रेघ मारून शेजारी साल लिहिलंय: १९८९, २००५, २०१९, २०२१. एका घराच्या पायरीशी ती रेघ गुडघ्याला लागते, चार घरं खाली गेलं की तीच छातीला आणि आणखी उतरलं की डोक्याच्या वर. रेघ जागची हललेली नसते, आपण उतरत आलेलो असतो.

आता एकाच सालच्या सगळ्या खुणा मनातल्या मनात एका दोऱ्याने जोडा. दोरा घराघरांतून, बोळाबोळांतून वळत जाईल, पण चढणार नाही आणि उतरणारही नाही. तोच दोरा वरून, घारीच्या नजरेने पाहिला तर जमिनीवर काढलेली एक वेडीवाकडी रेघ दिसेल. तीच कंटूर रेषा. शाळेच्या पुस्तकात तिला समोच्च रेषा म्हणायचे आणि आपण ती परीक्षेपुरती पाठ करून विसरलो. (वाहत्या पुराला थोडा उतार असतोच, त्यामुळे चिखलीतली खूण आणि शिरोळातली खूण एका उंचीवर नसते. एका गल्लीपुरतं मात्र हे उदाहरण चोख आहे.)

पूर फक्त नदीकाठी येतो. पण समजा पाणी चढतच गेलं, दर ५० फुटांना थांबलं आणि प्रत्येक थांब्याला आपण काठाकाठाने रेघ मारली, तर? शेवटी पन्हाळ्याचा माथा तेवढा बेटासारखा उरेल आणि त्याच्या अंगावर एकात एक अडकलेल्या रेघांची वलयं दिसतील. डोंगराळ मुलखाचा जुना टोपोग्राफिक नकाशा म्हणजे ही न आलेल्या पुरांची खूण.

माझ्याजवळ अशी दोन जुनी शीट्स आहेत. शेजारचे काका सरकारी नोकरीत ओव्हरसिअर होते. निवृत्तीनंतर कपाट रिकामं करताना "तू डोंगरात हिंडतोस, तुझ्या कामाची आहेत" म्हणून त्यांनी दिली. मागे कापड चिकटवलेलं, घडीच्या जागी कागद विरलेला, एका कोपऱ्यात चहाच्या कपाचा गोल डाग. पहिल्यांदा उघडली तेव्हा कुणीतरी कागदावर तपकिरी शेवया सांडल्यात असं वाटलं होतं. त्या शेवयांतून पन्हाळा दिसायला लागायला मला दोन-तीन संध्याकाळी लागल्या.

सुरुवात वरच्या कोपऱ्यातल्या नंबरापासून करायची. माझ्या शीट्सवर ४७ एल/१ आणि ४७ एल/२ असं आहे. हा नंबर म्हणजे घराचा पत्ताच. भारत आणि आसपासच्या मुलखाचे ४ अंश बाय ४ अंशांचे चौकोन पाडून सर्व्हे ऑफ इंडियाने त्यांना क्रमांक दिले. आपला चौकोन ४७ वा: रेखांश ७२ ते ७६, अक्षांश १६ ते २०. मुंबई, पुणे, सोलापूर, कोल्हापूर सगळे ह्याच एका चौकोनात बसतात. त्याचे १६ तुकडे, ए पासून पी पर्यंत, प्रत्येक एक अंशाचा. अक्षरं डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातून सुरू होऊन खाली उतरतात, मग शेजारच्या उभ्या रांगेत पुन्हा वरून खाली. एल म्हणजे ७४ ते ७५ आणि १६ ते १७. त्या तुकड्याचे पुन्हा तसेच १६, प्रत्येक १५ मिनिटांचा. एक शीट म्हणजे साधारण २७ किलोमीटर लांब-रुंद मुलूख.

हे चौकोन पाडताना कुणी गावाचा विचार केलेला नाही, रेघ जिथे पडली तिथे पडली. ७४ अंश १५ मिनिटांची रेघ नेमकी कोल्हापूरच्या पूर्व अंगावरून जाते. अंबाबाईचं देऊळ आणि रंकाळा एल/२ वर, गांधीनगर मात्र एल/६ वर. पन्हाळा-जोतिबा एल/१ वर, गगनबावडा थेट ४७ एच/१४ वर. विशाळगडाची तर आणखी गंमत. तो ७३ अंश ४५ मिनिटांच्या अगदी काठाशी येतो. पन्हाळा ते विशाळगड वाट पाहायची तर तीन शीट्स जमिनीवर जोडून, गुडघ्यावर बसूनच पाहावी लागते.

जुन्या शीटची मोजपट्टी इंचाला मैल. एका मैलात ६३,३६० इंच, म्हणून शीटच्या खाली १:६३,३६० लिहिलेलं असतं. पुढे मीटर-किलोमीटर आले तेव्हा ही माला १:५०,००० झाली. आकडे कंटाळवाणे वाटतात, पण एक गोष्ट ध्यानात ठेवा: जुन्या शीटवरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ६३ मीटर. पेन्सिलीच्या बोथट टोकाखाली अख्खी वस्ती जाते.

मग मोजलं कसं? विमान नाही, उपग्रह नाही, आणि मुलूख हा असा. इथे दोन वेगळी कामं आहेत आणि लोक ती नेहमी एकात मिसळतात. पहिलं काम सांगाड्याचं, दुसरं त्यावर मांस चढवायचं.

सांगाडा त्रिकोणांचा. एक बाजू आणि दोन कोन माहीत असले की उरलेला त्रिकोण गणिताने काढता येतो, हे आठवीच्या पोरालाही माहीत असतं. १८०२ मध्ये विल्यम लॅम्ब्टन याने मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी साडेसात मैलांची एक सरळ रेघ पोलादी साखळीने मोजली. ही पहिली बाजू. पुढे साखळीची गरज क्वचितच. एका टेकडीवरून दुसरी टेकडी थिओडोलाइटमधून, म्हणजे कोन मोजायच्या दुर्बिणीतून, पाहायची, कोन वाचायचा, नवा त्रिकोण तयार. त्याची बाजू पुढच्या त्रिकोणाला उसनी द्यायची. हे थिओडोलाइट म्हणजे आजचा बांधकामावरचा तिपाईवरचा डबा नव्हे. त्याचं वजन अर्धा टन होतं. १८०८ मध्ये तंजावरच्या देवळाच्या शिखरावर चढवताना ते आदळून वाकडं झालं आणि लॅम्ब्टनने स्वतः बसून कित्येक आठवडे ठोकून-ठाकून ते सरळ केलं. हा माणूस १८२३ मध्ये आपल्या महाराष्ट्रातच, हिंगणघाटला, काम करता करता गेला. त्याची कबर तिथेच आहे. त्याच्या जागी आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टचं नाव जगातल्या सगळ्यात उंच शिखराला मिळालं, लॅम्ब्टनचं मात्र आपल्याकडे फारसं कुणाला आठवत नाही. मला हा हिशेब पटत नाही, पण असो.

देशाच्या मधून दक्षिणोत्तर गेलेली त्रिकोणांची ती रांग म्हणजे पाठीचा कणा, आणि तिच्यापासून फासळ्यांसारख्या निघालेल्या रांगांनी बाकीचा मुलूख झाकला. जुन्या शीटवर एखाद्या डोंगरमाथ्यावर बारीक त्रिकोण आणि शेजारी आकडा दिसला, तर तिथे कुणीतरी ते यंत्र चढवून उभं राहिलं होतं असं समजायचं. सह्याद्रीत अशा जागा अर्थातच उंच आणि मोकळ्या माथ्यांवर. गडकोटांना ज्या कारणासाठी जागा निवडल्या त्याच कारणासाठी: सगळीकडून दिसलं पाहिजे.

उंचीचा हिशेब अधिक नाजूक. समोरचा माथा किती अंश वर दिसतो ते पाहायचं आणि अंतरावरून उंची काढायची, एवढं सरळ ते नाही, कारण पृथ्वी गोल आहे. पन्हाळ्यापासून विशाळगड सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटर. तेवढ्या अंतरावर पृथ्वीच्या गोलाईमुळे समोरचा माथा जवळपास सव्वाशे मीटर खाली गेलेला असतो. त्यात हवा प्रकाशाला वाकवते आणि त्यातला थोडा भाग परत वर उचलून दाखवते. हवा किती वाकवेल हे वेळेवर अवलंबून, म्हणून उंचीचे कोन ठरावीक वेळीच वाचायचे. आणि सगळ्या उंच्या मोजायच्या कुठून? समुद्राच्या सरासरी पातळीपासून. त्यासाठी कराचीपासून विशाखापट्टणमपर्यंत आणि त्याच्याही पुढे, एकूण नऊ बंदरांवर भरती-ओहोटीच्या नोंदी ठेवल्या गेल्या. त्यांवर बांधलेलं देशभराचं उंचीचं जाळं १९०९ मध्ये पुरं झालं. पन्हाळ्याच्या तीन दरवाजापाशी उभं राहून मोजलेली उंचीसुद्धा शेवटी समुद्रावर जाऊन टेकते.

दुसरं काम, मांस चढवण्याचं, प्लेन टेबलवर व्हायचं. तीन पायांवर एक सपाट पाट, त्यावर कागद, कागदावर आधीच ठिपक्यांनी मांडलेले ते त्रिकोण. सर्व्हेअर एखाद्या सोंडेवर उभा राहणार, पट्टीतून ओळखीचे दोन-तीन माथे पाहून स्वतःची जागा कागदावर पक्की करणार, आणि मग समोर दिसणारा ओढा, वाट, वाडी, कडा जागेवरच काढणार. बरोबर खलाशी (सर्व्हेच्या मदतनिसांना हेच नाव): कुणी छत्री धरणारा, कुणी झेंडी घेऊन पुढच्या टेकडीवर पळणारा. कंटूर रेषा प्रत्येक इंचावर चालून काढलेली नसते, हे इथेच सांगायला हवं. काही ठिकाणच्या उंच्या मोजलेल्या असतात; मधली रेघ सर्व्हेअर समोरचा डोंगर बघत हाताने ओढतो. म्हणून जुनी चांगली शीट पाहताना मला हस्ताक्षर वाचल्यासारखं वाटतं. कुणाचा हात बारकाव्याचा, कुणाचा उरकणारा. दाट रानाच्या दरीत रेघा एकदम गुळगुळीत झाल्या की समजायचं, साहेब खाली उतरले नाहीत.

रेघांची ही युक्ती मात्र तशी उशिरा आली. १७७४ मध्ये स्कॉटलंडमधल्या शिहॅलियन नावाच्या डोंगराचं मोजमाप झालं, तेही डोंगराचा नकाशा हवा म्हणून नव्हे, पृथ्वीचं वजन काढायचं होतं म्हणून. डोंगर गवंड्याचा ओळंबा आपल्याकडे किती ओढतो हे पाहायचं, आणि त्यासाठी डोंगरात ऐवज किती आहे हे आधी कळायला हवं. चार्ल्स हटन या गणितज्ञापुढे शेकडो उंच्यांचे आकडे पडले होते. त्याने समान उंचीचे ठिपके रेघेने जोडले आणि डोंगर कागदावर उभा राहिला.

त्याआधी, आणि त्यानंतरही बराच काळ, डोंगर दाखवायचे ते उताराच्या दिशेने मारलेल्या बारीक रेघोट्यांनी. सॅक्सनीच्या सैन्यातल्या लेमान नावाच्या अधिकाऱ्याने १७९९ मध्ये त्याला नियम लावला: चढ जितका उभा तितकी रेघोटी जाड. पाव इंचाला मैल अशा जुन्या नकाशांत सह्याद्री अशा रेघोट्यांनी काढलेला दिसतो, काळ्या सुरवंटासारखा. दिसायला देखणं, पण उंची किती हे विचारलं तर सुरवंट गप्प. रंगीत, कंटूरवाली, इंचाला मैल अशी नवी माला आपल्याकडे १९०५ नंतर ठरली. तपकिरी कंटूर, निळं पाणी, हिरवं रान, पिवळी शेतं, लाल रस्ते.

आता प्रत्यक्ष वाचू. एल/१ वर पन्हाळा शोधा. गड पायथ्याच्या मुलखापेक्षा चारेकशे मीटर, म्हणजे तेराशे फूट उंच. दोन रेघांमध्ये ५० फूट असतील तर पायथ्यापासून माथ्यापर्यंत सव्वीस रेघा ओलांडाव्या लागतील. सव्वीस रेघा मोजत बसायचं काम नाही. दर पाचवी रेघ जाड असते, जाड रेघा मोजायच्या. रेघा लांब लांब म्हणजे सैल उतार, बैलगाडी जाईल. जवळ जवळ म्हणजे दम लागेल. एकीला एक चिकटून तपकिरी पट्टा झाला म्हणजे कडा. तिथे वाट शोधू नका.

पन्हाळ्याभोवती या रेघांची एक खास चाल आहे. दाट, मग विरळ, पुन्हा दाट, पुन्हा विरळ, आणि माथ्यावर एकदम मोकळा कागद. हिमालयाच्या नकाशात असं दिसत नाही. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा एकावर एक थरांनी पसरला. घट्ट थराचा कडा होतो, पोचट थराचा उतार. म्हणून सह्याद्रीला पायऱ्या. माथ्यावर जांभ्याचं टोपण असलं की खालचं झिजतं आणि वरचं सपाट राहतं. पन्हाळ्याच्या पश्चिमेला मसाईचं पठार बघा: आजूबाजूला रेघांची गर्दी आणि मध्ये लांबलचक कोरा कागद, जणू कुणी रबराने पुसलाय. ज्याने ते पठार सप्टेंबरात पाहिलंय त्याला तो कोरा कागद बघून हसू येईल, एवढी फुलं तिथे असतात.

सोंड आणि ओढा ओळखायची खूण एकदा कळली की विसरत नाही. रेघा वळताना इंग्रजी व्ही किंवा यू सारखा बाक घेतात. बाकाचं टोक उंच बाजूला असेल तर तिथे ओढा आहे, टोक खालच्या बाजूला असेल तर सोंड. ओढा डोंगरात आत घुसतो, सोंड बाहेर येते. दोन बाजूंनी उंच आणि दोन बाजूंनी उतार अशी चिमूट दिसली की ती खिंड.

या सगळ्याचा कळस गगनबावड्याच्या शीटवर. पूर्वेकडून कोल्हापूरहून जाताना रेघा फारशा बोलत नाहीत. मग गाव येतं, आणि पश्चिमेला काही किलोमीटरांतच घाटमाथ्यावरून जमीन चार-पाचशे मीटर खाली कोकणात पडते. करूळ घाट आणि भुईबावडा घाट दोन्ही याच पडझडीतून वाट काढतात. नकाशावर ती पडझड म्हणजे नागमोडी जाड तपकिरी दोरखंड, आणि त्यात रस्त्याची लाल रेघ शिवणीसारखी मागेपुढे.

त्या दोरखंडाच्या थोडं पूर्वेला एक रेघ छापलेली नाही, ती आपण काढायची. पाणलोटाची. पेन्सिल घ्या आणि कुठलाही ओढा न ओलांडता माथ्यामाथ्याने सरकत राहा. या रेघेच्या पश्चिमेला पडलेला थेंब पन्नास-पंचावन्न किलोमीटरांवरच्या अरबी समुद्रात जातो. दोन पावलं पूर्वेला पडलेला थेंब कुंभीत, कुंभीतून पंचगंगेत, नरसोबाच्या वाडीला कृष्णेत आणि अख्खा दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरात. समुद्र पाठीशी असताना नदीने त्याला पाठ दाखवून उलट दिशेला निघायचं, हा आपल्या नद्यांचा स्वभाव नकाशावर पहिल्यांदा नीट कळतो. पंचगंगेच्या पाच नद्यांपैकी कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या चार निळ्या शाईत सापडतात. पाचवी सरस्वती गुप्त आहे, आणि सर्व्हेअरने ती शोधायचा प्रयत्न केला नाही हे बरंच झालं.

इथे निळ्या शाईबद्दल एक महत्त्वाची गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. टोपोशीटवर बहुतेक ओढे निळे नसतात, काळे असतात. बारमाही पाणी निळं, कोरडा पडणारा ओढा काळा. कारण उघड आहे: सर्व्हेचा हंगाम पावसाळा सरल्यावर सुरू व्हायचा आणि पुढच्या पावसाआधी गुंडाळायचा. धुक्यात समोरची टेकडी दिसत नाही, कागद भिजतो, खलाशी घसरतात. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि जवळपास सगळा चार महिन्यांत. त्या चार महिन्यांत जो मुलूख असतो, तो नकाशावर नाहीच. ज्या डोंगराची ओळख पाऊस, त्याचं हे पौष-माघातलं चित्र.

१३ जुलै १६६० ची वाट नकाशावर शोधायला लोक येतात तेव्हा मी हेच सांगतो. महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटले ती रात्र आषाढातली, बाजीप्रभू घोडखिंडीत उभे राहिले तो दिवसही आषाढातला. आज आपण तिला पावनखिंड म्हणतो. सरळ चाळीस किलोमीटर दिसणारं अंतर पायाखाली पन्नास-साठ होतं हे दोरा लावून मोजता येतं: ओला दोरा वाटेच्या वळणांवरून ठेवत जायचा आणि मग सरळ करून पट्टीवर धरायचा. पण नकाशावर काळ्या रेघेने, हलकेच दाखवलेला ओढा आषाढात ओलांडायला किती वेळ लागेल, ते दोरा सांगत नाही. दरवर्षी जुलैत ही वाट चालणाऱ्या पोरांना ते माहीत असतं.

वाटांचंही तसंच. जुन्या शीटवर रस्त्यांची उतरंड असते: पक्का, कच्चा, गाडीवाट, लादणीच्या जनावरांची वाट, आणि शेवटी तुटक ठिपक्यांची पायवाट. काही वर्षांपूर्वी आम्ही तिघं मसाईच्या पठारावरून अशाच एका ठिपकेवाटेने उतरायचं ठरवून निघालो. शीटवर वाट स्वच्छ होती. जमिनीवर करवंदीची जाळी. तासभर काट्यांत हातपाय ओरबाडून घेतल्यावर शेरडं राखणारे एक म्हातारबा भेटले.

"आबा, हितनं खाली उतरायला वाट हाय न्हवं?"

त्यांनी आमच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. "व्हती की. खालच्या वाडीची गुरं वर चरायला यायची तवर व्हती. आता गुरंच ऱ्हायली न्हाईत, वाट कोण मळनार?"

ठिपके खोटे नव्हते, पण ते गुरांनी काढलेले होते आणि गुरं गेली. तेव्हापासून शीट उघडली की मी आधी कोपऱ्यात सर्व्हेचं साल पाहतो. छपाईचं नव्हे, सर्व्हेचं. दोन्हींत कित्येक वर्षांचं अंतर असू शकतं, आणि नवी आवृत्ती म्हणून विकलेल्या कागदावर आतला मुलूख जुनाच असतो.

कधी फरक वाटेपेक्षा मोठा असतो. राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतलं आणि ते पुरं व्हायला १९५० चं दशक उजाडलं. त्याआधीच्या मोजणीत भोगावतीचं खोरं वरपर्यंत उघडं. नंतरच्या शीटवर त्याच जागी निळा पंजा, बोटं प्रत्येक ओढ्यात घुसलेली. दोन्ही शीट्स शेजारी ठेवल्या तर पाण्याचा काठ जुन्या एका कंटूर रेषेवरून जवळजवळ तंतोतंत गेलेला दिसतो. सुरुवातीला म्हटलं होतं ना, न आलेल्या पुरांची खूण; हा एक पूर माणसाने आणला आणि तिथेच थांबवला.

नावांचा घोळ वेगळाच. रोमन लिपीत ळ नाही, ण नाही. कोल्हापूर-गगनबावडा रस्त्यावरचं कळे रोमनमध्ये लिहिलं की ते काळे, काले, कळे यांतलं काहीही वाचता येतं. जोतिबाच्या डोंगराचं सरकारी नाव वाडी रत्नागिरी, त्यामुळे कोल्हापूरपासून हाकेच्या अंतरावर रत्नागिरी कुठून आली असा प्रश्न नवख्याला पडतो. जुन्या शीटवरचं नाव मी नेहमी मोठ्याने वाचून बघतो. कागदावर परकं वाटणारं नाव जिभेवर आलं की बहुधा ओळखीचं निघतं.

मोबाइलवर जीपीएस घेऊन जुनी शीट वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. मोबाइलचा अक्षांश-रेखांश घेऊन जुन्या शीटवर ठिपका मारलात तर तो आपल्या भागात शे-दीडशे मीटर भलतीकडे पडेल. दोघंही बरोबर, पण दोघांची पृथ्वी वेगळी. जुने नकाशे एव्हरेस्टने १८३० मध्ये ठरवलेल्या पृथ्वीच्या आकारावर बेतलेले आहेत आणि मोबाइल मानतो ती पृथ्वी विषुववृत्तापाशी त्रिज्येने सुमारे ८६० मीटर मोठी. शे-दीडशे मीटर गावात चालून जातात, कड्याच्या टोकाला नाही. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर नागरिकांसाठी जी खुली माला आली ती मोबाइलवाल्याच पृथ्वीवर आहे, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही. त्याआधी किनाऱ्याकडच्या पट्ट्यातल्या शीट्स सामान्य माणसाला मिळणंच अवघड होतं. आता नवी माला सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येते. अमेरिकी लष्कराच्या नकाशाखात्याने १९५० च्या दशकात छापलेली भारताची १:२,५०,००० ची मालाही टेक्सास विद्यापीठाच्या संग्रहात मोफत पाहता येते. तीत बारकावा कमी, पण अख्खा घाट एका नजरेत येतो.

आणि हो, बांधाच्या भांडणात टोपोशीट घेऊन कुणी जाऊ नका. तिच्यावर मालक नसतो, गट नंबर नसतो. ते काम गावनकाशाचं. गंमत म्हणजे आपला गुंठाही जुन्या मोजणीदाराच्या साखळीतूनच आलाय: साखळी ६६ फूट, तिची निम्मी ३३, आणि ३३ बाय ३३ चा चौकोन म्हणजे गुंठा. पण तिथे एकेका फुटावर डोकी फुटतात, आणि इथे एका मिलिमीटरात ६३ मीटर.

आता पुन्हा पुराकडे. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. २०१९ मध्ये पाणी ५५ च्या वर गेलं. या आकड्यांवर दर पावसाळ्यात आपला श्वास वरखाली होतो. आज मिळणाऱ्या १:५०,००० शीटवर दोन कंटूर रेषांमध्ये २० मीटर असतात, म्हणजे ६५ फूट. जुन्या शीटवर ५० फूट. इशारा आणि धोका यांतले चार फूट, धोका आणि २०१९ यांतले बारा फूट, सुतारवाड्यातून निघणारी पहिली बोट आणि हायवे बंद पडणं, सगळं दोन तपकिरी रेघांच्या मधल्या कोऱ्या जागेत. पन्हाळ्याचा कडा बारकाईने दाखवणारा तोच कागद नदीकाठी असा गप्प होतो. डोंगरासाठी बेतलेली चाळण आहे ती, तिच्या भोकांतून पूर गळून जातो. पूररेषेचे नकाशे म्हणूनच वेगळे करावे लागतात.

काकांनी दिलेल्या एल/२ शीटवर मात्र त्या कोऱ्या जागेत एक रेघ आहे. छापील नाही, पेन्सिलीची. चिखलीपासून पंचगंगेच्या काठाकाठाने शहराच्या उत्तर अंगाला वळसा घालून जाते, मध्येच तुटते, पुन्हा सुरू होते. शेजारी बारीक अक्षरात '८९'.

मी विचारलं, ही कुठल्या यंत्राने घेतली.

"यंत्र कसलं आलंय," काका म्हणाले. "पाणी उतरल्यावर सायकल घेऊन फिरलो. भिंतीवर चिखल कुठवर लागलाय ते बघत."

"आणि मध्ये तुटलीय ती?"

"तिथं सायकल जात नव्हती."